टांगत्या पट्ट्यावर हिरवी पेस्ट लावली अन् वस्तरा ओढायला लागला. काय चुकलं?

मांजराकाठचा (लातूर), रविवार सकाळ

नमस्कार मंडळी. वर्षभर इथं नुसतं वाचत होतो, आज गाऱ्हाणं घेऊन आलोय.

आमच्या आबांचा वस्तरा आहे, जर्मनीतल्या सोलिंगेनचा. पात्यावरचं नाव अर्धं पुसलंय. आबा पोस्टात होते, पण सलूनमध्ये दाढीला कधी बसले नाहीत, सगळं घरच्या घरी. ते गेल्यावर वस्तरा आणि खिळ्याला टांगायचा चामड्याचा पट्टा माझ्याकडं आला. मागच्या दिवाळीत ओळखीच्या एकानं वस्तरा दगडावर घेऊन छान धार लावून दिली. तेव्हापासून रोज पट्ट्यावर वस्तऱ्याचे पन्नास हात (फेरे) मारायचे आणि दाढी करायची. चांगलं चाललं होतं.

शिमग्याच्या सुमारास धार जरा मंदावली. एका व्हिडिओत बघून धार काढायची क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पेस्ट मागवली आणि चामड्यावर लावली, पोळीला तूप लावावं तशी, कडेपर्यंत. पहिला आठवडा काय सांगू! गाल हातालाच ओळखू येईना. तिसऱ्या आठवड्यापासून वस्तरा केस कापायच्या ऐवजी ओढायला लागला. मला वाटलं पेस्ट संपली असेल, अजून लावली, हात पन्नासचे ऐंशी केले. आता अशी तऱ्हा आहे की दंडावरचे केस उडतात, पण हनुवटीला टेकला की वस्तरा ओढायलाय नुसता. दाढीनंतर तुरटी फिरवली की डोळ्यांत पाणी येतंय.

पेस्ट भेसळीची निघाली, का पट्टा गेला, का मीच?

धोकटीवाला (परळी), रविवार दुपार

दादा, "पोळीला तूप" वाचलं अन् डोक्याला हात लावला.

आमच्या आज्याकडं चार गावचं बलुतं होतं. धोकटीत दोन वस्तरे, कैची, नराणी, पितळी वाटी, हातभर आरसा अन् गुंडाळलेला पट्टा. मी लहानपणी त्या पट्ट्याला तेलकट हात लावला म्हणून पाठीत धपाटा खाल्लाय. चामड्यावर आजा स्वतःच्या तळहाताशिवाय काही फिरवायचा नाही. दुकान उघडलं की आधी पट्ट्यावर तळहात घासायचा, चामडं कोमट होईपर्यंत. मग वस्तरा. घाईत असला तर पट्टाही नाही, थेट तळहातावर पाजळायचा. (हे कुणी करून बघू नका. आज्याचा तळहातच चामड्याचा होता.)

पेस्ट वाईट नाही, जागा चुकली. रोजच्या चामड्यावर काही लावायचं नसतं.

कोरडं_चामडं (पुणे, मूळ सेलू), रविवार दुपार

वस्तऱ्याला पेस्ट हे पापच आहे. दगड नीट लावता आला तर पेस्टची गरजच पडत नाही. ज्यांना दगड येत नाही ते पेस्ट लावतात.

गोदाकाठ (नांदेड), रविवार संध्याकाळ

वरचं विधान जरा जास्तच झालं. मला दगड येतो, १००० पासून १२००० पर्यंत सगळे आहेत (आकडा जितका मोठा तितका दगड बारीक), आणि तरी मी सहा वर्षं पेस्ट वापरतोय. तीही टांगत्या पट्ट्यावर. वस्तरा मस्त चाललाय.

फक्त माझी पद्धत वेगळी आहे. चामड्याचा पट्टा स्वच्छ. त्याच्या मागं नवारीची पट्टी आहे, जुन्या पलंगाची, सोडा टाकून उकळून, धुऊन, इस्त्री केलेली. पेस्ट त्या नवारीवर, तीही अशी की हिरवट झाक दिसावी, रंग दिसू नये. आठ-दहा दाढ्या झाल्या की त्यावर दहा हात. दहाच. पट्टा असा ओढून धरायचा की टिचकी मारली तर वाजला पाहिजे. वस्तऱ्यावर दाब शून्य, त्याचं त्याचं वजन पुरे. मग स्वच्छ चामड्यावर पन्नास-साठ.

धागाकर्त्यानं रोज ऐंशी मारलेत. महिन्याचे चोवीसशे झाले, माझे होतात तीस.

पोलादी_जालना (जालना), रविवार रात्र

मी रोलिंग मिलमध्ये मेंटेनन्सला आहे. पट्टा, ताण आणि झोल यांच्यावरच पोट चालतं, म्हणून हिशेब मांडतो. कंटाळा आला तर खाली उतरा.

वाळत घालायची दोरी आठवा. कितीही ताणून बांधा, मधोमध ओली गोधडी टाकली की दोरी खाली जाणारच. टांगत्या पट्ट्याचं तेच होतं, फक्त डोळ्याला दिसत नाही.

आता वस्तरा घ्या. पाठ ५ मिमी जाड, पाठीपासून धारेपर्यंत रुंदी १८ मिमी. असा वस्तरा आडवा झोपवला की एका बाजूचा कोन येतो ८ अंश, दोन्ही बाजू मिळून १६. हा कोन दगडावर ठरतो, कारण दगड वाकत नाही आणि पाठ व धार दोन्ही त्याला टेकलेल्या असतात.

तुम्ही पट्टा २ किलोच्या ताणानं धरलाय आणि वस्तऱ्यावर २०० ग्रॅमचा दाब दिलाय असं समजू. २०० ग्रॅम म्हणजे फार नाही, नवखा माणूस सहज देतो. वस्तरा पट्ट्याच्या मध्यावर असेल तर दोन्ही बाजूंचा पट्टा जवळजवळ ३ अंशांनी वर उठतो. म्हणजे पात्याच्या मधल्या भागाला पट्टा सपाट लागतो, पण धारेच्या अगदी टोकाला तो वळसा घालून जातो. टोक ८ नाही, ११ अंशांनी घासलं जातं. ताण ४ किलो केला तर तीनाचं दीड होतं. दाबच दिला नाही, नुसतं वस्तऱ्याचं ६०-एक ग्रॅम वजन ठेवलं, तर २ किलोच्या ताणालाही झोल एका अंशाच्या आत राहतो. गोदाकाठ यांचं का चालतं आणि धागाकर्त्याचं का बिघडलं, त्याचं उत्तर एवढंच.

अजून एक. झोल सगळीकडं सारखा नसतो. वस्तरा पट्ट्याच्या टोकाजवळ असेल तर आखूड बाजूचा कोन मध्यापेक्षा जवळजवळ दुप्पट होतो. आपण पाठ पुढं, धार मागं अशी सुरुवात करतो, म्हणजे हाताजवळून निघताना धार नेमकी आखूड बाजूला असते. प्रत्येक हाताची पहिली दोन-तीन बोटं जागा सगळ्यात वाईट. पुष्कळांना तिथंच दाब द्यायची सवय असते.

मग साध्या चामड्यावर हाच झोल का चालतो? कारण कोरडं चामडं पोलाद जवळपास खातच नाही. ते धार पुसतं, सरळ करतं, चकाकवतं. वळसा घालून थोडं टोकापर्यंत गेलं तर उलट बरंच. पण त्याच चामड्यात क्रोमियम ऑक्साइड भरलं की ते चामडं राहत नाही, मऊ वाकणारा दगड होतो. त्याचे कण कडक केलेल्या पोलादापेक्षा टणक असतात. मग तो दगड रोज फक्त टोकच खातो आणि टोक बोथट कोनाचं होत जातं.

पहिला आठवडा भारी का गेला तेही यातच आलं. मंद झालेलं टोक आधी पुसलं गेलं, नवी धार आली. नंतर तीच क्रिया पुढं गेली.

धोकटीवाला (परळी), रविवार रात्र

आज्याला अंश-फंश काही माहीत नव्हतं, पण पट्टा सैल दिसला की म्हणायचा, "ताण रं, वस्तरा झोक्यात बसलाय व्हय?"

बालाघाटी (बीड), सोमवार सकाळ

प्रश्न जरा बावळट वाटेल. पेस्ट ऑनलाइन कशाला? हार्डवेअरच्या दुकानात स्टेनलेसला पॉलिश करायची हिरवी वडी मिळते, ती पण क्रोमियम ऑक्साइडचीच ना? आणि माझ्या चुलतभावानं तर गॅरेजमधली व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावली होती, त्याचं काय?

पोलादी_जालना (जालना), सोमवार सकाळ

भावाला विचारा, वस्तरा आहे का अजून.

व्हॉल्व्हची पेस्ट म्हणजे बहुतेक वेळा कार्बोरंडम (घासायची कडक पूड), आणि तेही डोळ्याला दिसेल एवढं जाड. इंजिनाचा व्हॉल्व्ह आणि त्याची सीट एकमेकांत बसवायला ती बनवलेली. तिनं वस्तऱ्याची करवत होते. हिरवी वडी त्यापेक्षा खूप बरी, पण बऱ्याच वड्यांत क्रोमियम ऑक्साइडसोबत ॲल्युमिनियम ऑक्साइड मिसळलेलं असतं आणि कण एकसारखे नसतात. एखादा मोठा कण चामड्यात रुतून बसला की तो रोज एकाच जागी ओरखडा काढत राहतो. कोयता, विळी, सुतारकामाची पटाशी यांना वडी झकास. चेहऱ्याला नको.

अंबाजोगाईकर, सोमवार दुपार

कणांचा विषय निघालाच आहे तर थोडं लिहितो, नवीन लोकांना उपयोग होईल.

दाढीचा केस साधारण १०० मायक्रॉनच्या आसपास जाड (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). वस्तऱ्यासाठी विकतात ते क्रोमियम ऑक्साइड सहसा अर्ध्या मायक्रॉनचं म्हणून विकतात. हिऱ्याची पेस्ट किंवा फवारा १, ०.५, ०.२५, ०.१ मायक्रॉन असा उतरत्या क्रमानं मिळतो. सोनार शेवटच्या चकाकीला वापरतात तो लाल रूज म्हणजे आयर्न ऑक्साइड, हे सगळ्यांत सौम्य.

माझा अनुभव असा की हिरा भराभर कापतो, पण त्यानंतरची धार जरा तिखट लागते. दाढी स्वच्छ होते, कातडी नाराज होते. हिरव्याची धार गोड गळ्याच्या माणसासारखी, ऐकायला बरी. लाल रूजनं धार वाढत नाही फारशी, पण हिऱ्याचा तिखटपणा उतरतो. तीन वेगवेगळे पट्टे लागतात, एकावर दुसरं चढवायचं नाही. ०.१ च्या पट्ट्यावर १ मायक्रॉनचा एक डाग पडला तर तो पट्टा १ मायक्रॉनचाच झाला म्हणून समजा.

आणि काही परदेशी पट्ट्यांबरोबर पिवळी पेस्ट येते. ती धारेची नसतेच, चामडं मऊ ठेवायची असते. एका सज्जनानं ती धार येत नाही म्हणून अर्धी डबी संपवली होती. नाव सांगत नाही, ते हा धागा वाचतायत.

कोरडं_चामडं (पुणे, मूळ सेलू), सोमवार दुपार

वाचतोय. ती अर्धी नव्हती, पाव होती.

अंबाजोगाईकर, सोमवार दुपार

😄

मांजराकाठचा, पोलादींचा हिशेब खरा का खोटा हे तुम्ही घरीच बघू शकता. काळा परमनंट मार्कर घ्या. धारेलगतची ती बारीक चमकती पट्टी, म्हणजे बेव्हल, दोन्ही बाजूंनी काळी करा. वाळू द्या. मग तुमच्या पट्ट्यावर नेहमीसारखे पाच हात मारा आणि भिंगातून बघा काळं कुठून गेलंय. घड्याळजी डोळ्याला लावतात ते भिंग उत्तम. मग पुन्हा काळं करून कुणाकडं ८००० चा दगड असेल तर त्यावर चार हात, आणि परत बघा. दोन्ही गोष्टी इथं सांगा.

मांजराकाठचा (लातूर), मंगळवार रात्र

केलं. घड्याळाच्या दुकानातले काका आमच्या गल्लीतलेच, भिंग रात्रीपुरतं दिलं. दगड ज्यांनी दिवाळीत धार लावून दिली त्यांच्याकडं जाऊन बघितला.

पट्ट्यावर पाच हात: बेव्हल जवळजवळ सगळी काळीच राहिली. फक्त धारेच्या टोकाला केसाहून बारीक अशी चकाकती रेघ. तिथलंच काळं गेलं होतं.

दगडावर चार हात: बरोबर उलटं. सगळीकडचं काळं पुसलं, पाटी धुतल्यासारखं, आणि अगदी टोकाला काळी रेघ तशीच. पात्याच्या टाचेपासून (मुठीकडून) शेंड्यापर्यंत, काजळ घातल्यागत. त्या भल्या माणसानं भिंग लावून बघितलं आणि म्हणाले, "अहो, दगड धारेपर्यंत पोचेनाच. तुम्ही हिच्यावर नवीन उतार पाडलाय."

मी दोन मिनिटं गप बसलो. दोन महिने रोज सकाळी उठून इमानेइतबारे वस्तरा बोथट करायलोय, तेही पदरचे पैसे घालून.

पोलादी_जालना (जालना), मंगळवार रात्र

झकास! माझ्या हिशेबापेक्षा तुमची काजळरेघ शंभरपट बोलकी आहे.

घाबरू नका, वस्तरा बिघडलेला नाही. ८००० च्या दगडावर हलक्या हातानं, पाठ आणि धार दोन्ही टेकवून, ती काळी रेघ जाईपर्यंत घ्या. मधूनमधून मार्कर पुन्हा लावा. पन्नास-साठ हातांत रेघ हललीच नाही तर ४००० किंवा ५००० वर खाली जा आणि परत वर या. घाई म्हणून पाठ उचलून घासू नका, नाहीतर तोच उतार दगडावर कराल.

गोदाकाठ (नांदेड), बुधवार सकाळ

मी पेस्टवाला असलो तरी एक कबुली देतो. सहा वर्षांत माझ्याही धारेला बारीक गोलाई आलीच असणार. मार्करची परीक्षा मी कधी केली नव्हती, आज केली. माझ्याकडंही रेघ निघाली, तुमच्यापेक्षा बारीक, तुटक तुटक. म्हणजे माझं "मस्त चाललंय" हे मस्त चाललंच होतं, पण फुकट नव्हतं. वर्षाकाठी एकदा दगडावर घेतो तेव्हा ती निघून जात असणार.

तरीही पेस्ट सोडणार नाही. दगड काढणं, भिजवणं, सपाट करणं याला अर्धा रविवार जातो. पेस्टचे दहा हात चहा उकळेपर्यंत होतात.

पुन्हा_पाणी_नाही (लातूर), बुधवार दुपार

भिजवायचं म्हणालात म्हणून आठवलं. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, त्या उन्हाळ्यात आमच्या घरी दगड बादलीत भिजवणं म्हणजे गुन्हा होता. तेव्हा मी पहिल्यांदा वरून नुसतं पाणी शिंपडून चालणारा दगड घेतला. आणि तेव्हाच पेस्टकडं वळलो, कारण तिला थेंबभरही पाणी लागत नाही. पाप म्हणणाऱ्यांनी आधी आठ दिवसांआड येणाऱ्या टँकरपुढं उभं राहावं.

बोअरच्या पाण्याचंही बघा. आपल्याकडं पाणी जड, वाळलं की पात्यावर पांढरे डाग पडतात. दाढी झाली की वस्तरा पुसून, जुन्या मऊ सुती कापडावर चार हात फिरवून ठेवायचा. धारेवर क्षार बसले आणि दुसऱ्या दिवशी तसंच पट्ट्यावर घेतलं, तर ती पण एक पेस्टच झाली की.

हिवरा_सावली (परभणी), बुधवार संध्याकाळ

वाचून मजा येतेय. मी अजून सेफ्टी रेझरवालाच, पण एक शंका. केसासारखी मऊ गोष्ट पोलादाची धार मोडतेच कशी? आणि साध्या चामड्यानं काहीच होत नसेल तर पन्नास हात मारायचे कशाला?

अंबाजोगाईकर, बुधवार रात्र

पहिल्या शंकेवर अमेरिकेतल्या एमआयटीत काम झालंय. २०२० मध्ये सायन्स नियतकालिकात ते छापून आलं. दाढी करून करून त्यांनी पातं इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघितलं. त्यांना दिसलं की धार एकसारखी झिजत नाही, तिचे बारीक टवके उडतात. केस वाकून धारेवर तिरका येतो, आणि जिथं पोलादाची रचना एकसारखी नसते नेमकी तिथंच भेग जाते. म्हणजे केस पोलादापेक्षा टणक असायची गरज नाही, मोक्याच्या जागी वाकडा यायची गरज आहे. (गावकीतल्या भांडणासारखंच.)

दुसऱ्या शंकेवर आयोवा स्टेट विद्यापीठातले धातुशास्त्राचे प्राध्यापक जॉन व्हरहोव्हन यांनी २००४ च्या सुमारास धारेचे सूक्ष्मदर्शकातले भरपूर फोटो काढले होते. सुऱ्या आणि पात्यांवरचे प्रयोग होते ते. नुसत्या स्वच्छ चामड्यानं दगडामागची लव (धारेला उरलेली धातूची बारीक कोर) फारशी निघाली नाही, क्रोमियम ऑक्साइड लावलेल्या चामड्यानं मात्र धार स्पष्ट सुधारली. यावरून काही जण म्हणतात की साधा पट्टा निव्वळ कर्मकांड. मला ते पटत नाही. रोजच्या वापरात पट्टा लव काढायला नसतो, कालच्या दाढीनं वाकलेली धार सरळ करायला असतो. एक दिवस पट्टा न फिरवता दाढी करून बघा. गाल सांगेल.

कोरडं_चामडं (पुणे, मूळ सेलू), बुधवार रात्र

म्हणजे पेस्टनं धार सुधारते हे शास्त्रानं सिद्ध आहे तर. ठीक आहे. "पाप" मागं घेतो. "टांगत्या पट्ट्यावर पाप" एवढं ठेवतो.

मांजराकाठचा (लातूर), गुरुवार सकाळ

आता खरा अवघड प्रश्न. वस्तरा तर दगडावर येईल ताळ्यावर. आबांच्या पट्ट्याचं काय? तो मी हिरवा करून बसलोय. पेस्ट काढता येते का? आमच्या हिनं सुचवलंय की रॉकेलनं पुसा. दुसऱ्या एकानं सांगितलं करडईचं तेल चोळा, चामडं मऊ होऊन सगळं वर येईल.

धोकटीवाला (परळी), गुरुवार सकाळ

करडई नको! नको! नको!

आपल्याकडं घरोघर करडई, म्हणून लोक चामड्याला, लाकडाला, कुणाच्या तरी गुडघ्याला तेच लावतात. पण करडईचं आणि जवसाचं तेल वाऱ्यावर सुकतं अन् चिकट कातडं धरतं. रंगात जवस घालतात ते त्याचसाठी. पट्ट्याला लावलं तर महिन्याभरात गुळाच्या ढेपेसारखा चिकटेल. चामडं फारच कोरडं पडलं असेल, मे महिन्यात पडतंच, तर खोबरेल दोन थेंब, तेही तळहाताला चोळून मग पट्ट्यावर. तेवढंच.

पोलादी_जालना (जालना), गुरुवार दुपार

पूर्ण निघत नाही, हे आधीच मनाला सांगून ठेवा. वरची पेस्ट बोथट सुरीच्या पाठीनं खरवडून निघते. मग कापडावर थोडं पांढरं पेट्रोल घेऊन पुसलं तर अजून हिरवं येतं (उघड्या हवेत, गॅसपासून लांब). पण जे कण चामड्याच्या छिद्रांत गेले ते गेले. ४०० च्या पॉलिश पेपरनं वरचा थर घासून काढणारे आहेत, पण आजोबांच्या पट्ट्याचा तो गुळगुळीत थर त्यांनी तीस-चाळीस वर्षं हातानं बनवलाय. तो घासून टाकायचा?

त्यापेक्षा तो पट्टा पेस्टचाच राहू द्या. सपाट सागवानी फळीवर चिकटवा, झोल संपला, उत्तम पट्टा होईल. रोजचा टांगता पट्टा नवा घ्या, हिरडा-बाभळीत कमावलेल्या चामड्याचा. कोल्हापुरी चपलेचं चामडं तसंच कमावतात. जाड, घट्ट, ताणलं तरी लांबत नाही. बॅगांचं मऊ क्रोमचं चामडं घेऊ नका, ते रबरासारखं ताणतं.

गोदाकाठ (नांदेड), गुरुवार दुपार

आजोबांचा पट्टा फळीला चिकटवायचा म्हणजे त्याचं टांगणं कायमचं गेलं. मला नाही रुचलं. चिकटवायची गरजच काय? आडवा ठेवा, खाली सपाट काहीतरी घ्या, दोन्ही टोकांना चिमटे लावा. काम झालं की परत खिळ्याला.

बालाघाटी (बीड), गुरुवार संध्याकाळ

संगमरवरी पोळपाट! आमच्याकडं आहे, आरशासारखा सपाट.

अंबाजोगाईकर, गुरुवार संध्याकाळ

पोळपाटावर क्रोमियम ऑक्साइड लावलेला पट्टा ठेवणार आणि मग त्यावर पोळ्या लाटणार? बालाघाटी, तुम्ही घरात विचारून लिहिलंय का हे?

हिवरा_सावली (परभणी), गुरुवार रात्र

अवांतर विचारतो. आमच्या सलूनवाल्या मामांना म्हटलं, तुमच्याकडचा जुना वस्तरा काढा की, पट्ट्यावर लावून माझी दाढी करा. ते नाही म्हणाले. अर्धं ब्लेड लावायचा वस्तराच वापरतात.

धोकटीवाला (परळी), गुरुवार रात्र

बरोबर केलं मामांनी, आग्रह करू नका. एका गिऱ्हाइकाच्या गालाचं रक्त लागलेला वस्तरा पट्ट्यावर गेला की तो पट्टा धुता येत नाही. कावीळ, एड्स, सगळी भानगड त्यातून. आमच्या बापानं त्याच भीतीनं पट्टा खिळ्यावरून काढला अन् ब्लेडवर आला, गिऱ्हाइकासमोर नवं ब्लेड मोडून लावायचं. इथं चाललंय ते फक्त घरच्या, एकट्याच्या वस्तऱ्याचं. सासऱ्यालाही द्यायचा नाही.

मांजराकाठचा (लातूर), पुढचा रविवार

सगळ्यांना कळवायला आलो.

काल दुपारी दगडवाल्या गृहस्थांकडं बसलो. ८००० वर साठ हात झाले तरी काजळ तसंच, म्हणून ५००० वर उतरलो. तिथं तिसऱ्या वेळी मार्कर लावल्यावर रेघ तुटली, टाचेकडं आधी. शेंड्याकडचं दोन बोटं काजळ शेवटपर्यंत चिवट राहिलं. माझा हात तिथं दाबत असणार. मग ८०००, मग १२०००. शेवटी त्यांनी डोक्याचा एक केस उपटून धारेवर नुसता टेकवला. गळून पडला. आवाजसुद्धा नाही.

गोदाकाठ यांचं ऐकलं. आबांचा पट्टा घरातल्या लाकडी पाटावर आडवा पसरला, टोकांना सुताराचे दोन चिमटे. जादाची हिरवाई सुरीच्या पाठीनं खरवडून काढली, राहिली ती झाक ठेवली. त्यावर फक्त सात हात मारून मार्कर बघितला: काळं सगळीकडून सारखं फिकं झालेलं, टोकाला वेगळी रेघ नाही. मग नव्या स्वच्छ पट्ट्यावर पन्नास. नवा पट्टा घट्ट आहे, अजून हाताला बसला नाही.

आज सकाळी दाढी. दोन्ही गाल बिनतक्रार. गळ्याला एक बारीक काप, तो माझ्या घाईचा. हनुवटीखाली अजून किंचित ओढतोय, पण तुरटी लावली तेव्हा पाणी आलं नाही.

एकच अडचण राहिली. तो पाट पूजेचा निघाला. आईनं गणपतीच्या आत परत मागितलाय, आणि चिमट्यांचे वळ तिनं अजून बघितले नाहीत. लातुरात रंधा मारून अगदी सपाट सागवानी फळी कुणी करून देईल का? दोन फूट लांब, तीन इंच रुंद पुरे.

पोलादी_जालना (जालना), पुढचा रविवार

कोणताही सुतार देईल, पण ताब्यात घ्यायच्या आधी त्याच्याच दुकानातल्या जाड काचेवर उलटी ठेवून चारी कोपरे बोटानं दाबून बघा. डुगडुगली तर घेऊ नका. आणि वळांवर ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री फिरवा, लाकूड फुगतं. आईला कळायच्या आत.